बरें वाटणें आणि बरें होणें

आपल्या भाषेंत आजारी मनुष्याविषयीं दोन बोल नित्य ऐकूं येतात. एक, "त्याला आतां बरें वाटतें", आणि दुसरा, "तो आतां बरा झाला." बोलतांना आपण ह्या दोहोंत फारसा भेद करीत नाहीं. पडसें, साधा ताप, पोटदुखी असल्या लहान दुखण्यांत तो करण्याचें कारणहि पडत नाहीं. कारण तेथें पहिलें घडलें म्हणजे दुसरें त्याच्या मागोमाग येतें. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, त्यांत मनुष्यास बरें वाटत असतां आंतून रोग वाढत असतो. आणि उलट, खरें औषध चालू झालें असतां आरंभीं कांहीं दिवस बरें वाटत नाहीं. अशा रोगांत ह्या दोन बोलांची गल्लत झाली, तर ती प्राणावर बेतते.

एच्. आय्. व्ही. ह्या विषाणूमुळें होणारा रोग अशांपैकीं आहे. ह्या रोगांत जें औषध रोग घालवीत नाहीं, पण रोग्यास थोडें बरें वाटावयास लावतें, तें देणें योग्य कीं अयोग्य? देणारा दया करितो कीं फसवणूक करितो? हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचा आहे. तामिळनाडूंत तो केवळ वादाचा विषय न राहतां इस्पितळाच्या खाटेपाशीं उभा राहिला. म्हणून तेथील हकीकत समोर ठेवून त्याचा विचार करूं.

हिंदुस्थानांत हा विषाणु प्रथम आढळला तो १९८६ सालीं मद्रास शहरीं, ज्यास आज चेन्नई म्हणतात. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापिका डॉ. सुनीति सॉलोमन ह्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला ह्यांनीं देहविक्रय करणाऱ्या गरीब स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले; ते वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत तपासण्यांत आले, आणि त्यांपैकीं सहांत विषाणूची खूण दिसली. सुनीतिबाईंचें माहेरचें आडनांव गायतोंडे. मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत त्यांचा जन्म झाला होता. पुढें १९९३ सालीं त्यांनीं गायतोंडे ह्याच नांवानें ह्या रोग्यांसाठीं संस्था काढली, आणि २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या ह्याच कामांत राहिल्या.

रोगाची चाल कशी असते हें समजल्यावांचून पुढील विचार नीट कळणार नाहीं. मनुष्याच्या रक्तांत रोगाशीं लढणाऱ्या कांहीं पेशी असतात. हा विषाणु नेमका त्यांतच शिरून त्यांचा नाश करितो. परंतु हें काम तो हळूहळू करितो. औषध न घेतलें तरी आठ-दहा वर्षें मनुष्य खातो, पितो, शेतांत राबतो, आणि त्यास आपण रोगी आहों हें कळतहि नाहीं. मग त्या पेशी फार कमी झाल्या म्हणजे क्षय, जुलाब, तोंडांतील चट्टे, अंगावरील खाज, न थांबणारा ताप अशा नाना व्याधी एकामागून एक येतात, आणि देह झिजूं लागतो. ह्या शेवटच्या अवस्थेस एड्स म्हणतात.

ह्यावरील पहिलें औषध अमेरिकेंत १९८७ सालीं मान्य झालें. आणि तीन औषधें एकत्र दिल्यानें विषाणु खरोखर दबून राहतो हें १९९६ च्या सुमारास स्पष्ट झालें. परंतु त्या औषधांची किंमत इतकी होती कीं, आपल्या देशांतील मजुरानें त्यांचें नांवहि घेऊं नये. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तीं तिन्ही औषधें वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतींत, परोपकारी वैद्यसंस्थांना देऊं केलीं, आणि साऱ्या जगांतील भाव खालीं आले. शेवटीं १ एप्रिल २००४ रोजीं सरकारनें तीं फुकट देण्यास आरंभ केला. आरंभींच्या थोड्या रुग्णालयांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें, आणि चेन्नईजवळचें तांबरम् येथील रुग्णालयहि होतें. १९८६ पासून २००४ पर्यंतचीं हीं अठरा वर्षें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. कारण आपल्या प्रश्नाचा अर्धा भाग त्यांत आहे.

तामिळ लोकांचें स्वतःचें एक जुनें वैद्यक आहे. त्यास सिद्ध वैद्यक म्हणतात. अगस्त्य आदिकरून अठरा सिद्धांपासून तें आलें असें मानितात. त्याचे ग्रंथ तामिळ पद्यांत, ताडपत्रांवर लिहिलेले आहेत. वात, पित्त, कफ हा विचार त्यांत आपल्या आयुर्वेदासारखाच आहे. मात्र पारा, गंधक इत्यादि खनिजांचा उपयोग त्यांत विशेष आहे. झाडपाल्याची औषधें तर आपल्या ओळखीचींच आहेत. त्यांचें नेल्लिक्काय म्हणजे आपला आवळा, अमुक्करा म्हणजे आस्कंद, आडातोडै म्हणजे अडुळसा, आणि तिरिकडुगु म्हणजे सुंठ, मिरीं व पिंपळी मिळून होणारें त्रिकटु. पथ्यास ते पत्तियम् म्हणतात, आणि औषधाइतकाच त्यावर भर देतात.

त्या अठरा वर्षांत एड्सच्या रोग्यांची दशा अति करुण होती. कित्येक ठिकाणीं त्यांस खाट मिळत नसे. घरचे दाराबाहेर ठेवीत. भांडें वेगळें, अंथरूण वेगळें. अशा वेळीं तांबरमच्या सरकारी क्षयरुग्णालयानें त्यांस घेतलें. तेथील अधीक्षक डॉ. सी. एन. देवनायगम हे स्वतः पाश्चात्य वैद्यक शिकलेले होते. तरी त्यांनीं सिद्ध वैद्यांस रुग्णालयांत जागा दिली, आणि रसगंधी मेळुगु, अमुक्करा चूर्णम् व नेल्लिक्काय लेह्यम् हीं तीन औषधें रोग्यांस देण्याचा क्रम ठेविला. रोग्यांस भूक लागूं लागली, वजन थोडें वाढलें, अंगांत त्राण आलें, असा तेथील अनुभव सांगण्यांत येतो. ह्या औषधांनीं विषाणु नाहींसा होतो असें मात्र तेव्हांहि सिद्ध झालें नाहीं आणि आजहि झालेलें नाहीं.

आतां आपण न्याय करूं. ज्या काळीं गरिबाच्या हातीं येण्याजोगें दुसरें कांहींच नव्हतें, त्या काळीं मरणाच्या वाटेवरील मनुष्यास आवळ्याचा लेह देणें, त्याच्या अंगास तेल चोळणें, त्यास पेज पाजणें, आणि "तूं आमच्यापाशीं रहा" असें म्हणणें, ह्यांत कोणता दोष आहे? मला तरी एकहि दिसत नाहीं. जो रोग आपण घालवूं शकत नाहीं त्या रोगांतहि रोग्याविषयींचें आपलें कर्तव्य संपत नाहीं. कित्येकांची अशी समजूत असते कीं, बरें करणें हेंच काय तें वैद्याचें काम, आणि तें साधत नसेल तर त्यानें हात झाडून उठावें. ही समजूत निष्ठुर आहे. जुलाब कमी होऊन एक रात्र झोंप लागणें ही त्या रोग्याच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. ज्यास कोणी शिवत नाहीं त्याच्या हातावर कोणी औषध ठेवितो, ह्यांत औषधाहून अधिक कांहीं तरी त्यास मिळतें.

परंतु येथेंच एक मोठा धोका आहे, आणि तो औषधांत नसून औषधाबरोबर उच्चारलेल्या शब्दांत आहे. तोच लेह, तोच तोळा. एक वैद्य म्हणतो, "बाबा, ह्यानें तुझा रोग जाणार नाहीं, पण भूक लागेल आणि थोडी शक्ति येईल." दुसरा म्हणतो, "चार महिने घे, रक्त स्वच्छ होईल." पहिल्यानें दया केली, दुसऱ्यानें त्याच पदार्थाचें विष केलें. पूर्वीं सांगितलेली रोगाची चाल ह्या दुसऱ्यास फार अनुकूल पडते. विषाणु शिरल्यापासून तिसऱ्या वर्षीं मनुष्यानें त्याचें औषध घेतलें, आणि पांचव्या वर्षीं तो धडधाकट दिसला, तर सारा गांव म्हणतो, "पहा, वैद्यानें वांचविलें." वस्तुतः औषध घेतलें नसतें तरी तो पांचव्या वर्षीं तसाच दिसला असता. यश रोगाच्या मंद चालीचें, आणि कीर्ति वैद्याची! पुढें आठव्या-नवव्या वर्षीं तो खंगूं लागला म्हणजे वैद्य म्हणतो, "पथ्य मोडलें असेल." अशा रीतीनें खोटेपणा उघडकीस येण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर शेंकडों माणसें त्या वाटेनें गेलेलीं असतात. एड्स बरा करितों अशा जाहिराती दक्षिणेंत पुष्कळ झाल्या आहेत. १९४५ च्या औषधविषयक नियमांना जोडलेल्या एका यादींत, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाच्या नांवानें करतां येत नाहीं असे रोग दिलेले आहेत. त्या यादींत एड्सचें नांव आहे. ही बंदी जुन्या विद्येच्या द्वेषानें घातलेली नाहीं. ती ह्याच फसवणुकीच्या अनुभवानें घातलेली आहे.

ह्यावर कोणी असें म्हणेल कीं, जें १९९५ सालीं दयेचें काम होतें तेंच २००४ नंतर दोषास्पद कसें झालें? लेह तर तोच आहे. मग धर्म काळाप्रमाणें बदलतो काय? मी म्हणतों, धर्म बदलत नाहीं, परिस्थिति बदलते. नदीस पूल नव्हता तोंवर जुन्या होडींतून लोकांना पार नेणारा नावाडी उपकारकर्ता होता. पूल झाल्यावर, "पुलावर जाऊं नका, माझ्याच होडींत बसा" असें जो म्हणतो, आणि होडींतून माणसें बुडत असतांहि म्हणतो, त्यास उपकारकर्ता कोण म्हणेल? पुष्टीचें औषध विषाणूच्या औषधाबरोबर देणें हें आजहि दयेचें काम असूं शकेल. त्याच्या जागीं देणें हें मात्र दयेचें काम राहिलें नाहीं. २०१७ पासून तर सरकारी नियम असा आहे कीं, रक्तांत विषाणु सांपडला कीं पेशी किती उरल्या आहेत ह्याची वाट न पाहतां उपचार सुरू करावा. जो नेमानें दररोज गोळी घेतो तो जवळजवळ इतरांइतकें आयुष्य जगूं शकतो. त्याच्या रक्तांत विषाणु तपासणींत न दिसण्याइतका दबला आणि तसाच राहिला, म्हणजे पतीकडून पत्नीस वा पत्नीकडून पतीस शरीरसंबंधानें तो लागत नाहीं. हें सोडून नुसत्या लेहावर राहणाऱ्याचा केवळ स्वतःचाच नव्हे, तर घरच्यांचाहि घात होतो.

तांबरमच्या त्या आवारानें हा धडा ह्याच्याहि पूर्वीं एकदां पाहिलेला आहे. १९२८ सालीं डॉ. चौरीमुथु ह्यांनीं तें क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम म्हणून स्थापिलें. त्या वेळीं क्षयावर औषध नव्हतें. मोकळी हवा, विश्रांति, दूध, अंडीं आणि धीर, एवढेंच काय तें देतां येई. आणि तें देणारे लोक आदरास पात्र होते. पुढें १९४० नंतर क्षयावर खरीं औषधें निघालीं. तेव्हां मद्रासेंत १९५६ सालीं एक संशोधनकेंद्र स्थापन झालें, आणि तेथें मोठी उद्बोधक परीक्षा झाली. औषध तेंच देऊन कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत ठेविलें, आणि कांहींना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरींच राहूं दिलें. घरीं राहिलेल्यांस विश्रांति कमी, अन्न हलकें, हवा कोंदट. तरी १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तो असा, कीं औषध नेमानें घेतलें असतां घरचे रोगीहि जवळजवळ आरोग्यधामांतील रोग्यांइतकेच बरे झाले. ज्या हवेस आणि विश्रांतीस पिढ्यान्‌पिढ्या लोक रोगाचें औषध मानीत होते, त्यांनीं बरें वाटत होतें. बरें होणें मात्र औषधावर अवलंबून होतें.

ह्यावरून दूध आणि हवा वाईट ठरलीं काय? मुळींच नाहीं. क्षयरोग्यास चांगलें अन्न मिळावें म्हणून आजहि आपण झटतों. फक्त त्यांची जागा ठरली. आणि ती जागा कोणाच्या मोठेपणानें किंवा ग्रंथाच्या जुनेपणानें ठरली नाहीं. ती परीक्षेनें ठरली. सिद्ध वैद्यकाविषयींहि मला हेंच म्हणावयाचें आहे. त्याचा उपहास करूं नये आणि त्याची पूजाहि करूं नये. त्याची परीक्षा करावी.

परीक्षा कां हवी हें दोन-तीन उदाहरणांवरून दिसेल. अडुळशाच्या पाकानें खोकला सैल होतो, हें आपल्या आजीबाईंनाहि ठाऊक आहे. परंतु एच्. आय्. व्ही. असलेल्या मनुष्याचा खोकला पुष्कळदां क्षयाचा असतो, आणि क्षय हाच ह्या रोग्यांचा मोठा काळ आहे. पाकानें खोकला निवला, बरें वाटलें, आणि थुंकी तपासावयाची राहून गेली, तर त्या पाकानें रोगाच्या हांकेचें तोंड दाबलें असें म्हणावें लागेल. रसगंधी मेळुगु ह्या औषधांत नांवाप्रमाणेंच पारा व गंधक हीं असतात. शुद्धि केली म्हणजे पाऱ्याचा दोष जातो असें वैद्य म्हणतात. पण पारा मूत्रपिंडास घातक आहे हें निश्चित, आणि आजच्या नित्याच्या गोळींतील टेनोफोव्हिर हें औषधहि कित्येकांच्या मूत्रपिंडास त्रास देतें. दोहोंचा भार एकाच अवयवावर पडला तर? त्याच गोळींत डोलुटेग्राव्हिर नांवाचें दुसरें औषध आहे. उपाशीपोटीं त्याच्याच बरोबर चुना अथवा लोह ह्यांचे पदार्थ पोटांत गेले तर तें रक्तांत कमी उतरतें. शंखाचें भस्म हा चुन्याचाच प्रकार, आणि लोहभस्म हें तर लोहच. अर्थात् निरुपद्रवी म्हणून घेतलेली पुडी, केवळ वेळ चुकल्यामुळें, खऱ्या औषधाचें बळ कमी करूं शकते. जुनें तें निर्दोष, किंवा झाडपाल्याचें तें निर्दोष, हा भ्रम आपण टाकला पाहिजे. आवळा सौम्य आहे. पण कण्हेरहि झाडच आहे.

येथवर मी वैद्यांस दोष दिला. आतां दुसऱ्या बाजूसहि बोललें पाहिजे. रोग्यानें "मी अमुक चूर्ण घेतों" असें म्हणतांच त्याच्या अंगावर वसकन् येणारे डॉक्टर कांहीं थोडे नाहींत. परिणाम काय होतो? रोगी चूर्ण सोडीत नाहीं. तो सांगणें सोडतो. मग पाऱ्याची गोष्ट किंवा शंखभस्माची गोष्ट डॉक्टरास कळावी कशी? लपविलेलें औषध हें उघड घेतलेल्या औषधाहून अधिक घातक असतें. रोगी त्या वैद्याकडे कां जातो हेंहि पहावें. वैद्य त्यास बसवून घेतो, नाडी पाहतो, काय खातोस, झोंप येते काय, असें विचारतो, आणि त्याच्याच भाषेंत बोलतो. दवाखान्यांत त्यास रांगेंत उभें करून, मोठ्यानें नांव पुकारून, पुडकें हातीं देतात. ज्यास अपमान वाट्यास येतो तो मानाच्या ठिकाणीं जाणारच. सत्य बोलणाऱ्यानें तें तुच्छतेनें सांगितलें, तर तें ऐकणाऱ्याच्या कामास येत नाहीं.

आणि दोन विद्या एका छपराखालीं नांदूं शकत नाहींत असेंहि नाहीं. तरंगंबाडी येथील डेन्मार्कच्या मिशनमधील ग्रुंडलर ह्यांनीं १७११ सालींच तामिळ वैद्यकावर जर्मन भाषेंत ग्रंथ तयार केला. परक्या विद्येस हंसण्यापूर्वीं ती समजून घ्यावी, एवढा विवेक त्यांच्यांत होता. तंजावरचे मराठे राजे सरफोजी, ज्यांचा वडिलकीनें सांभाळ मिशनरी श्वार्ट्‌झ ह्यांनीं केला, त्यांनीं आपल्या कारकीर्दींत, म्हणजे १७९८ पासून १८३२ पर्यंतच्या काळांत, धन्वंतरि महाल नांवाची संस्था चालविली. तींत देशी व युरोपीय अशा दोन्ही प्रकारचे वैद्य होते. रोग्यांच्या हकीकती लिहून ठेवण्यांत येत, आणि अनुभवास उतरलेलीं औषधें तामिळ पद्यांत गोवून ग्रंथरूपानें जतन केलीं गेलीं. रोग्याचें काय झालें हें लिहून ठेवणें, ही खरी परीक्षेची पहिली पायरी होय. आजहि तांबरम् येथें २००५ पासून राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. अशा ठिकाणीं मोकळ्या मनानें व कडक हिशेबानें काम झालें, तर कोणतें औषध खरोखर साह्य करितें आणि कोणतें केवळ साह्याचा भास करितें, हें निवडतां येईल.

आतां सर्वांत कठीण आक्षेप घेऊं. "आशा हेंच मोठें औषध आहे," असें पुष्कळ दयाळू माणसें म्हणतात, "ह्या लेहानें मी बरा होईन असें कोणास वाटत असेल तर वाटूं द्या, खरें सांगून त्याचें मन कां मोडावें?" ह्या बोलण्यांतील माया मला समजते. परंतु तींत एक अपमान दडलेला आहे. आपण त्या मनुष्यास मूल समजतों. त्याचें आयुष्य त्याचें आहे, आणि उरलेल्या दिवसांचें काय करावें हें ठरविण्यास त्यास खरी स्थिति कळली पाहिजे, हें आपण विसरतों. मुलीचें लग्न, शेताचा वांटा, लेंकरांची शाळा, पत्नीच्या रक्ताची तपासणी, हे सारे विचार खऱ्या माहितीवर व्हावयाचे असतात. खोट्या आशेवर त्यानें गाय विकून लेह आणला, आणि त्याच पैशांत घरीं दूध व डाळ येऊं शकली असती, तर त्या आशेची किंमत लेंकरांनीं दिली. शिवाय आज खरी आशा हातांत असतां खोटीचें कारणच काय? १९९० सालीं सत्य सांगणें म्हणजे मरण सांगणें होतें. आज सत्य सांगणें म्हणजे, "हा रोग जात नाहीं, पण तो दाबून ठेवतां येतो, आणि तूं मुलांचीं मुलें पाहशील" असें सांगणें होय. ह्याहून गोड असत्य कोणी रचूं शकेल असें मला वाटत नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्नास उत्तर असें देतां येईल. बरें वाटण्याचें औषध देणें हें स्वतः पाप नव्हे. दुःखी मनुष्यास बरें वाटावें ही इच्छा चांगलीच आहे. परंतु त्यास तीन गोष्टींची जोड हवी. तें आपल्या खऱ्या नांवानें दिलें जावें, म्हणजे साह्य म्हणून, रोगहारक म्हणून नव्हे. तें खऱ्या उपचारास अडथळा करूं नये. रोजची गोळी, तपासणीचा दिवस आणि घरचें अन्न, ह्यांपैकीं कशाच्याहि जागीं तें बसूं नये. आणि तें उजेडांत घेतलें जावें. वैद्यास डॉक्टरचें व डॉक्टरास वैद्याचें औषध ठाऊक असावें. ह्यांपैकीं एकहि गोष्ट सुटली तर दयेचा हात पुढें करूनहि आपण अपाय करून बसूं.

हा प्रश्न तामिळ देशांतला असला तरी आपल्या गांवांस परका नाहीं. आवळा, आस्कंद, अडुळसा आपल्याकडेहि आहेत. आणि रक्त शुद्ध करून देतों म्हणणारे बाजाराच्या दिवशीं आपल्याकडेहि येतात. महाराष्ट्रांत हे रोगी थोडे नाहींत. शेजारी कोणी असा असेल तर त्याच्या रोगाची चर्चा चावडीवर करूं नका. तसें करणें निर्दय आहे, आणि २०१७ सालीं झालेल्या व २०१८ च्या सप्टेंबरपासून अंमलांत आलेल्या कायद्यानें नोकरींत, शाळेंत वा दवाखान्यांत त्याच्याशीं भेदभाव करण्यास मनाई आहे. त्याच्या घरीं जा, त्याच्या पानाला पान लावून जेवा. त्यानें एखादें चूर्ण दाखविलें तर हंसूं नका, पण एवढें अवश्य विचारा कीं, "सरकारी गोळी चालू आहे ना? आणि हें चूर्ण तेथील डॉक्टरास दाखविलें काय?" दाखविलें नसेल तर पुढच्या तारखेस त्याच्याबरोबर तालुक्याला जा, एकट्यानें रांगेंत उभें राहण्याची त्यास लाज वाटत असेल, दोघांनीं उभें राहिल्यास ती कमी होईल. खोकला पंधरा दिवस हटत नसेल तर पाकाची बाटली बाजूस ठेवून थुंकी तपासावयास लावा. आणि हें सारें झाल्यावर, घरच्या आवळ्याचा मुरंबा त्यास आनंदानें द्या. त्यानें त्याचा रोग जाणार नाहीं हें त्यासहि ठाऊक असेल आणि तुम्हांसहि. तरी तो खाऊन त्यास बरें वाटेल, आणि त्या बरें वाटण्यांत कोणतेंहि असत्य असणार नाहीं.